न ऐकलेली दवंडी

१

चिंचखारच्या बंदरावर त्या सकाळी होड्या नेहमीसारख्याच चिखलात कलंडून पडल्या होत्या, पण प्रत्येक होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, तांबड्या रंगाची एकेक फुली होती. मंजुळाने आपल्या होडीवरची फुली हाताने पुसून पाहिली. रंग ओला होता. तिने तळहात लुगड्याला पुसला आणि मग तिच्या ध्यानात आलं की लुगडंही गेलं आणि होडीही जाणार.

रंगाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाने तसं सांगितलंच. खाडीतीर प्राधिकरणाचा नवा नियम झालाय. या किनाऱ्यावर होडी ओढायची नाही, जाळं पसरायचं नाही, मासळी वाळत घालायची नाही. एक तारखेनंतर जी होडी इथे दिसेल ती उचलून नेणार.

"आमाला विचारल्याबिगर?" मंजुळाने विचारलं.

"विचारलं की. गावात दवंडी पिटली, हरकती मागवल्या. एक माणूस आला नाही तुमचा," तो म्हणाला आणि पुढच्या होडीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी मंजुळा आणि गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, आवडाबाई, ठाण्याच्या कोर्टासमोरच्या एका चिंचोळ्या खोलीत बसल्या होत्या. खोली कलावतीबाई शेट्ये यांची. कलावतीबाई वकील होत्या, वर्तकनगरच्या वसाहतीत आईसोबत राहायच्या, आणि काळजी करायला त्यांना कारण लागत नसे. अशील जिंकला तर तो अपिलात हरेल म्हणून काळजी, हरला तर आज जेवेल की नाही म्हणून काळजी. काळजी सुरू झाली की त्यांची बोटं हाताला लागेल त्यावर ताल धरायची. टेबल, खुर्चीचा दांडा, परातीची कड, काहीही चालायचं. "बोटं आवर गं, घरात तमाशाचा फड बसलाय का?" असं त्यांच्या आईने आजवर इतक्यांदा म्हटलं होतं की आता ती नुसती डोळे वटारायची.

आत्ताही बोटं चालूच होती.

"ही प्राधिकरणवाली मानसं कोनी निवडून दिली?" आवडाबाईने विचारलं.

"कोणीच नाही. सरकारने नेमली."

"मंग ती कायदा कशी करतान?"

हा प्रश्न कलावतीबाईंनाही नियम वाचल्यापासून सुटत नव्हता. म्हातारीने तो पानाला चुना लावता लावता विचारला. "आजी, कायदा करायचा तो विधानसभेने. पण सगळं बारीकसारीक तिला कसं जमणार? म्हणून थोडं काम ती दुसऱ्यावर सोपवते. घटनेला ते चालतं, पण त्याला हद्द आहे. सासू सुनेला म्हणते, वरण किती शिजवायचं ते तू बघ. घर विकायचं की ठेवायचं ते तू बघ, असं म्हणते का?"

"म्हनेल तर ती सासू कसली," आवडाबाई म्हणाली.

"तेच. आमदार नावडला तर मतपेटीत पाडता येतो. प्राधिकरणाला कोण पाडणार? म्हणून विधानसभेने कायद्यात तुमच्यासाठी एकच खिडकी ठेवलीय. नियम करण्याआधी गावात ढोल वाजवून दवंडी द्यायची, हरकती मागवायच्या, ऐकून घ्यायच्या. ती खिडकी उघडलीच नसेल तर नियम कच्चा. हायकोर्टात मोठा दावा लावू, पण त्याला वर्षं जातील आणि होड्या एक तारखेला जातील. म्हणून शुक्रवारी इथे मनाई हुकूम मागायचा. मला एकच सांगा. दवंडी झाली?"

दोघी एकदम म्हणाल्या, "आमी काय आयकलं नाय."

कलावतीबाईंना बरं वाटलं. तेवढं बरं वाटणंसुद्धा त्यांना सोसत नसे, म्हणून त्या लगेच पुढच्या काळजीला लागल्या.

२

प्राधिकरणाची कचेरी कल्याणला होती. क्षेत्रीय अधिकारी शिवराम खरमाळे हा नगर जिल्ह्यातून बदलून आलेला, नीटनेटका, शर्टाचं वरचं बटण लावणारा माणूस. त्याने काहीही लपवलं नाही आणि म्हणूनच कलावतीबाईंची काळजी वाढली.

"दवंडी झाली, मॅडम. मंगळवारी, दिवेलागणीला. तुमच्याच गावचा ढोलवाला होता, पंढरी. दोन पंच डोंबिवलीचे. मी स्वतः ढोलामागून चाललो. एक दार उघडं नव्हतं. लोकांचा विरोधच असतो अशा कामाला, मी म्हटलं असेल."

"दिवेलागणीला का? सरकारी काम तर दिवसा होतं."

"मी सोमवारी सकाळचं म्हणत होतो. पण गोविंदशेठ म्हणाले, मंगळवारी संध्याकाळी लोक घरी सापडतात. गावचे जुने सरपंच आहेत, त्यांना माहिती."

गोविंदशेठ तिथेच बसला होता. खिडकीजवळच्या खुर्चीत, साहेबाच्या पाहुण्यासारखा, बशीतून चहा पीत. चिंचखारचाच कोळी, पण जाळं सोडून त्याला जमाना झाला होता. आता रेती, वीट आणि इमारती, आणि नजर खाडीकाठच्या जागेवर.

कलावतीबाईंनी नियम पुन्हा वाचला. त्यात चिंचखारचं नावच नव्हतं. 'क्षेत्रीय अधिकारी ठरवील असा किनारा' एवढंच लिहिलं होतं. "म्हणजे कुठला किनारा बंद करायचा हे विधानसभेने ठरवलं नाही, प्राधिकरणानेही ठरवलं नाही. तुम्ही ठरवलंत?"

शिवराम अवघडला. "मोठ्या साहेबांनी माझ्यावर सोपवलं. मला इथली खाडी काय कळते, मॅडम? आमच्याकडे विहिरीला पाणी नसतं. मी गोविंदशेठना विचारलं. ते म्हणाले, हाच तुकडा मोकळा आहे."

"तुम्हीही गेला होतात दवंडीला?" कलावतीबाईंनी गोविंदाला विचारलं.

"मी त्या दिवशी इथे कल्याणलाच होतो." गोविंदाने बशी खाली ठेवली आणि हसला. "वकीलीणबाई, एक काम करा. गावात जा. ढोल वाजला नाही, असं शपथेवर सांगणारा एक माणूस आणा. एक जरी आणलात ना, तर माझ्याकडून तुम्हाला पापलेट."

एवढा भरवसा माणसाला कशाचा असतो? परतताना कलावतीबाईंच्या बोटांनी छत्रीची मूठ बडवून काढली.

३

चिंचखारला जायचं म्हणजे डोंबिवली पश्चिमेला उतरून रिक्षा, आणि रिक्षावाला जिथे "आगे चिखल है" म्हणेल तिथून पायी. गावात शिरताच वाळत्या बोंबलांचा वास आला. ओट्यावर बायका जाळी विणत होत्या. मंजुळाचा लहानगा कान्हा एका उलट्या टोपलीवर बसून कोंबडीशी भांडत होता. त्याच्या गालावर पुरळाचे काळपट डाग होते, नुकतेच कोरडे पडलेले. दाराच्या चौकटींवर कडुलिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या होत्या आणि त्या वाळून चुरा व्हायला आल्या होत्या. कलावतीबाईंनी हे सगळं पाहिलं आणि सोडून दिलं, कारण डोक्यात दवंडी होती.

"त्या मंगळवारी दवंडी ऐकलीत?"

"आमी काय आयकलं नाय," पहिल्या ओट्यावरून उत्तर आलं. दुसऱ्या ओट्यावरून तेच, आणि तिसऱ्यावरूनही तेच.

"ते कळलं. पण ढोल वाजला का? वाजला असेल तर वाजला सांगा, नसेल तर नाही सांगा."

यावर जे झालं ते त्यांनी वीस वर्षांच्या वकिलीत पाहिलं नव्हतं. जाळ्याच्या सुया थांबल्या. एक बाई उठून चुलीकडे गेली. शेजारच्या मनुबाईने खोकून विचारलं, "चाय घेतंस, बाय?" आवडाबाईने समोरची पाटी उगाच उचलून पालथी घातली. आणि मंजुळा, जी काल ठाण्यापर्यंत तावातावाने बोलत आली होती, तिने कान्हाला काखेत मारलं आणि मान खाली घातली.

"मंजुळा, शपथेवर काय सांगशील? ढोल वाजला नाही?"

"मी काय आयकलं नाय, एवढं सांगन. दुसरं नको विचारू, बाय. तुज्या पाया पडतंय."

कलावतीबाई ढोलवाल्या पंढरीच्या घरी गेल्या. तो होडीला डांबर फासत होता. त्याच्याही होडीवर तांबडी फुली होती. "पंढरीदादा, तुम्ही ढोल वाजवलात ना?" त्याने ब्रश डब्यात बुडवला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन फासू लागला. सगळं गाव सोडा, हा तर स्वतः वाजवणारा, आणि यानेही तोंडाला कुलूप लावलं होतं.

कलावतीबाईंच्या मनात प्रथमच तो विचार आला, जो कुठल्याही वकिलाला रात्री घामाने उठवतो. आपले अशील खोटं बोलताहेत.

४

पंचांपैकी एक तानाजी घोरपडे. डोंबिवलीत त्याचं दुधाचं दुकान होतं. खोटी सही करायची त्याची छाती नव्हती आणि गरजही नव्हती. कलावतीबाईंनी त्याला चार अंगांनी विचारलं आणि चारही वेळा तो तेच बोलला.

"ढोल वाजला, ताई. या कानांनी ऐकला. गावाच्या एका टोकापास्नं खाडीपर्यंत. तो ढोलवाला तोंडातल्या तोंडात काहीतरी सरकारी पुटपुटत होता, ते काय मला समजलं नाही. पण ढोल म्हणाल तर खणखणीत."

"आणि लोक?"

"माजलेलं गाव हाय ते. आम्ही येतोय म्हटल्यावर धाडधाड दारं लावली. एका बाईनं तर माझ्या तोंडावर खिडकी आपटली. दारादारात सुपं पालथी टाकलेली. आमच्याकडं शत्रू आला तरी पाणी विचारतात."

"ढोल कसा वाजवत होता?"

"असा." तानाजीने दुधाच्या रिकाम्या कॅनवर थाप मारली. दोन लांब, तीन तुटक, मग गप्प. पुन्हा दोन लांब, तीन तुटक, मग गप्प. गिऱ्हाईक मागे वळून बघू लागलं तसा तो थांबला.

कलावतीबाई बाहेर पडल्या तेव्हा दावा त्यांच्या हिशेबी संपला होता. ढोल वाजला होता. पंच खरा होता. कोर्ट म्हणणार, दवंडी झाली, लोकांनी मुद्दाम दारं लावली, आता रडून काय उपयोग? आणि शुक्रवारी बाईंना भर कोर्टात मंजुळाला पिंजऱ्यात उभं करायचं होतं. ती खोटं बोलली तर तुरुंग, आणि गप्प बसली तर बंदर जाणार.

घरी आईने ताटावरची बोटं बघून नेहमीसारखे डोळे वटारले. कलावतीबाईंनी बोटं उचलली, पण थोड्या वेळाने ती आपोआप पुन्हा खाली आली.

५

गुरुवारी दुपारी त्या चिंचखारला गेल्या त्या दावा मागे घ्या असं सांगायला. सगळा रस्ता त्यांनी वाक्य जुळवलं होतं. पण आवडाबाईच्या ओट्यावर बसल्यावर, समोर फुल्या मारलेल्या होड्या आणि त्यांच्यामध्ये खेळणारी पोरं दिसल्यावर, ते वाक्य काही बाहेर पडेना.

बायका भोवती जमल्या.  बाजूला बर्फाची रिकामी पत्र्याची पेटी होती. कलावतीबाईंची बोटं तिच्यावर गेली. काय सांगू, कसं सांगू, असं मनात घोळत होतं आणि बोटं आपल्या कामाला लागली होती. दोन लांब, तीन तुटक, मग गप्प. दोन लांब, तीन तुटक...

समोरची बाई ताडकन उठली. मंजुळाने कान्हाला खांद्यावर फेकलं आणि घरात शिरली. धाडकन दार लागलं. शेजारचं लागलं, मग समोरचं. मनुबाईने जाताना ओट्यावरचं सूप उंबऱ्यात पालथं टाकलं. होड्यांमधली पोरं आयांच्या हाकेची वाट न बघता पळाली. आवडाबाईसुद्धा, जिला उठताना दोन माणसं लागत, भिंतीला धरून आत गेली आणि तिने कडी घातली.

भर दुपारी, उन्हात, कलावतीबाई गावाच्या मधोमध एकट्या बसल्या होत्या. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग त्या उठल्या आणि आवडाबाईच्या दाराशी गेल्या.

६

"आवडाआजी," त्या बंद दाराला म्हणाल्या, "माझं चुकलं. मी मुद्दाम नाही वाजवलं. मी बोटं धरून ठेवलीत, बघा हवं तर."

 मग कडी निघाली.

"कोनी शिकवला तुना तो ठेका?"

"एका पंचाने. त्या मंगळवारी हाच वाजला ना? तुम्ही बोलू नका. मी बोलते, चुकलं तर सांगा." कलावतीबाई आवाज खाली आणून बोलू लागल्या. "पोरांच्या अंगावर आई, म्हणजे पुरळाची देवी, आली होती. कान्हालाही. तुम्ही दारांवर लिंब लावलात. आणि आई जेव्हा गावातून परत जायला निघते तेव्हा तिची बोळवण होते, माझी आजी सांगायची. पुढे ढोल, हाच ठेका. तेव्हा दारं लावायची, उंबऱ्यात सूप पालथं घालायचं. बघायचं नाही, कान द्यायचा नाही. आणि मागाहून त्या संध्याकाळबद्दल चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर ती परत येते."

आवडाबाईने तोंडातलं पान बाहेर टाकलं. नाही म्हणाली नाही.

म्हणजे गाव खोटं बोलत नव्हतं. ढोल वाजला होता, आणि तरीही कोणी काही ऐकलं नव्हतं. दवंडीचा ठेका वाजला असता तर लोक धावत बाहेर आले असते. वाजला तो दारं लावण्याचा ठेका. आणि नंतर त्याबद्दल बोलायला बंदी. गोविंदशेठचा भरवसा कशाचा होता ते आता कलावतीबाईंना लख्ख दिसलं. ढोल वाजला नाही असं कोणी म्हणू शकत नव्हतं, आणि कसा वाजला ते कोणी सांगणार नव्हतं. गावाच्याच रीतीने त्याने गावाचं तोंड शिवलं होतं.

"आजी, बोळवणीला ढोलाबरोबर कोण जातं?"

"ज्या बाईच्या हाती सूप ती. सुपात लिंबू, हिरवा चुडा, खन. ते खाडीपार सोडायचं. गावानं ते काम मना दिलंय, माज्या सासूच्या मागारी."

"मग त्या मंगळवारी सूप घेऊन तुम्ही गेलात?"

म्हातारीचा चेहरा हळूहळू बदलला. "मी तर दार लावून बसलेली. पाय सुजलेले माजे. ढोल आयकला, मना वाटला मनुबाय गेली असंल, गावानं तिला सांगितला असंल."

दारं एकेक करून किलकिली झाली होती. मनुबाई पुढे आली. "मी? मना कोन सांगनार? मी समजले, तू गेलीस."

"पंढरीला ढोल घ्यायला कोनी सांगितला?" आवडाबाईने विचारलं.

सगळ्यांनी पंढरीकडे पाहिलं. तो डांबराचे हात घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा होता, आणि आता त्याला गप्प राहवेना. "गोविंदा बोलला, आवडाबायनं सांगलंय. बोलला, आज बोळवण कर, आनि जाता जाता सरकारी कागदातलं चार शब्द बोल, एका खेपेत दोनी कामं. मी मागं वळून नाय बघितला. मागं बघायचं नसतं. मना वाटला, सूप घेऊन मागं तूच हायस."

"मी त्याला काय बोलले नाय," आवडाबाई म्हणाली. "तो माज्या घरात पाय नाय टाकत."

 मंजुळाने विचारलं, "म्हंजे आईची बोलवन झालीच नाय? ती गावातच हाय?"

तिने कान्हाला इतकं घट्ट धरलं की तो रडू लागला. कलावतीबाईंना काय सांगावं सुचेना. होडीचं भय त्यांना कळत होतं. या भयापुढे कुठलं कलम लावणार?

"पोर बरा हाय तुजा," आवडाबाई तिला म्हणाली. "जे र्‍हायलंय ते आपुन करू. पन आदी ह्याचा निकाल लागूंदे. बाय, उद्या कोर्टात काय लागंल तुना?"

"ढोल," कलावतीबाई म्हणाल्या. "तो तिथे वाजवायचा. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही."

म्हातारीने गल्लीतल्या प्रत्येक दाराकडे एकदा पाहिलं. "सूप नाय तर बोलवन नाय. नुसतं चामडं हाय ते. वाजवा."

त्या संध्याकाळी परतताना कलावतीबाईंनी संशयितांची मोजदाद केली. हे कारस्थान रचायला दोन गोष्टी माहीत हव्यात, गावचा ठेका आणि कचेरीचा कायदा. पंढरीला ठेका ठाऊक, पण कायदा नाही, आणि त्याची स्वतःची होडी जातेय. शिवरामला कायदा ठाऊक, पण नगरच्या माणसाला हा ठेका कुठून कळणार? दोन्ही ठाऊक असलेला एकच. मंगळवारची दिवेलागण त्यानेच सुचवली. आणि एवढं सगळं जमवून, ज्या दिवशी बार उडायचा त्या दिवशी तो स्वतः कल्याणला जाऊन बसला. का? कारण सूपवालीशिवाय गावातला कुठलाच माणूस त्या ढोलामागून चालत नाही. खोटा असला तरी.

कळलं होतं. पण कळणं म्हणजे पुरावा नाही, आणि कलावतीबाईंना त्या रात्री झोप लागली नाही.

७

शुक्रवारी कोर्टात चिंचखारचं निम्मं गाव मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलं होतं. पुढे प्राधिकरणाच्या वकिलांच्या मागे शिवराम, तानाजी आणि पांढऱ्या सफारीत गोविंदशेठ. न्यायाधीश निवृत्तीला टेकलेले, मृदू बोलणारे आणि घड्याळाकडे बघणारे.

प्राधिकरणाच्या वकिलांनी आपलं म्हणणं थोडक्यात मांडलं. ढोल वाजला, पंच हजर आहेत. लोकांनी दारं लावून घेतली. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

मंजुळा पिंजऱ्यात उभी राहिली. कलावतीबाईंनी विचारलं, "त्या मंगळवारी तुम्ही काय ऐकलंत?"

"काय नाय."

"ढोल?"

मंजुळाचे ओठ हलले. सूप नव्हतं, बोळवण नव्हती, बोलायला हरकत नव्हती. हे तिला काल दहादा समजावलं होतं आणि तिलाही पटलं होतं. पण मागच्या बाकावर कान्हा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाजच फुटेना.

"साक्षीदार उत्तर टाळते आहे," समोरचे वकील म्हणाले. न्यायाधीशांनी लेखणी उचलली.  आता नाही तर कधीच नाही.

"महाराज, तिचं उत्तर मी दुसऱ्या वाटेने मिळवते. पंढरी कोळी हजर आहेत. त्या संध्याकाळी जसा वाजवला तसा ढोल त्यांना इथे एकदा वाजवू द्यावा."

समोरून हरकत आली, कोर्ट म्हणजे जत्रा नव्हे. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "कायद्यातच ढोल आहे, तर कोर्टात ढोलाचं वावडं कशाला? एकदाच. आणि हळू."

पंढरीने ढोल गळ्यात अडकवला. दोन लांब, तीन तुटक, मग गप्प.

मागचे बाक करकरले. कोणी इशारा दिला नव्हता. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, हा नुसता चामड्याचा आवाज आहे हेही. तरी बायकामाणसं, म्हातारे, सगळं चिंचखार उठलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. पिंजऱ्यात मंजुळाने पदर डोक्यावरून पार खाली ओढला. ढोल गळ्यात असलेल्या पंढरीने डोळे गच्च मिटले होते.

तानाजी तोंड उघडं टाकून मागे बघत होता. शिवराम कधी गावाकडे तर कधी ढोलाकडे पाहत होता आणि त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं.

"महाराज," कलावतीबाई म्हणाल्या, "आता पुढच्या रांगेत पाहावं."

पुढच्या रांगेत गोविंदशेठ खुर्चीत पाठमोरा वळला होता. दोन्ही कानांत बोटं आणि कपाळ बाजूच्या भिंतीला टेकलेलं. लहानपणी आईने शिकवलेलं अंग विसरत नाही, मग त्यावर कितीही पांढरी सफारी चढवा. आवाज थांबल्यावर त्याने हळूच बोटं काढली आणि वळून पाहिलं, तर सगळं कोर्ट त्याच्याकडे बघत होतं.

"आपण भिंतीकडे का वळलात?" न्यायाधीशांनी विचारलं.

गोविंदाने उत्तर दिलं नाही. गावाची बोलायची बंदी त्यालाही होती.

मग त्या ठेक्याचा अर्थ आणि गोविंदाने पंढरीला काय सांगितलं ते मांडून झाल्यावर कलावतीबाई पुढे बोलल्या, आणि त्या दिवशी त्यांची बोटं स्थिर होती. "विधानसभेने आपला अधिकार प्राधिकरणाला दिला. इथवर चालेल, कारण बरोबर दवंडीची अट घातली. प्राधिकरणाने तो मोठ्या साहेबांना दिला, साहेबांनी खरमाळ्यांना, आणि खरमाळ्यांनी, मनात काही वाईट नसताना, या गृहस्थांना. कुठला किनारा बंद करायचा ते यांनी ठरवलं. दवंडी कधी आणि कशी द्यायची तेही यांनीच. ज्याला त्या जागेवर इमारत बांधायची त्याने त्या जागेचा कायदा केला, महाराज. त्याला कोणी निवडून दिलं नाही, नेमलंही नाही. जो तो समजत होता की अधिकार मागे दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहे. कोणीच मागे वळून पाहिलं नाही."

 न्यायाधीशांनी हुकूम सांगितला. जी दवंडी ऐकू नये म्हणून दिली ती दवंडी नव्हे. हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत चिंचखारच्या एकाही होडीला हात लावायचा नाही.

शिवराम जाताना कलावतीबाईंजवळ थांबला. "मला खरंच वाटलं, गाव रागावलंय," तो म्हणाला. त्याचं वरचं बटण उघडं होतं.

८

मंगळवारी कलावतीबाई पुन्हा चिंचखारला गेल्या. हायकोर्टाच्या कागदांवर अंगठे घ्यायचे होते, आणि तिथे काय होईल याची काळजी त्यांना शनिवारपासूनच लागली होती. होड्यांवरच्या फुल्या अजून तशाच होत्या. कोणी पुसल्या नव्हत्या.

बंदरावर गाव जमलं होतं. आवडाबाई पाटीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माजे पाय आता खाडीपातूर जात नाय. सूप मी असंच कोनाला देनार नाय. तुमी दिलेलं हाय, तुमी बोला. मंजुळाच्या हाती देऊ?"

एकेकाचं नाव घेऊन तिने विचारलं. एकेकाने हो म्हटलं. एक म्हातारा म्हणाला, ती अजून पोर हाय, आणि त्याचंही सगळ्यांनी ऐकून घेतलं, त्यावर वाद झाला, आणि मग तोही हो म्हणाला. मंजुळाचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता, पण तिने हात पुढे केले.

दिवेलागणीला तिने कान्हाला कलावतीबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि ती बाहेर गेली. दार ओढून घेतलं गेलं. गल्लीतून ढोल निघाला, दोन लांब, तीन तुटक, मग गप्प. कलावतीबाई पोराला घेऊन भिंतीकडे वळल्या. त्यांची बोटं त्याच्या पाठीवर होती आणि ती अजिबात हलली नाहीत. बाहेर पंढरीच्या मागून कोणाची तरी अनवाणी पावलं चालली होती, आणि ती कोणाची आहेत हे बंद दारांमागे बसलेल्या सगळ्या गावाला ठाऊक होतं.